लाइन गेल्यावर जे वाजायचे

विलासरावांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत म्हणून गौरव समितीच्या लोकांनी माझ्याकडूनही लेख मागितला. आदराने लिहा, आठवणी लिहा, कडू लिहू नका, असे त्यांनी फोनवर सांगितले. आदराने लिहिते. पुढचे जमेल तसे.

मी विलासरावांना पहिल्यांदा पाहिले ते रिठदच्या शिवारात, आमच्या मळ्यात, वांग्याच्या रोपांवर पाय देऊन उभे असताना. कॉलेजात जाणारा मुलगा, केस खांद्यावर, गळ्यात विजेची गिटार, हातात वायरचे भेंडोळे. मागे माझा दिलीप. मी विळा घेऊनच गेले.

"काहून रे, रोपं तुह्या बापानं लावले का?"

"काकू, मोटारीच्या खोलीत थोडी लाइन पाह्यजे होती."

"अन् घरची काय झाली?"

दिलीप हसायला लागला. विलासरावांचे वडील रिसोडला मास्तर होते. घरात गिटार वाजली की ते मीटरचा फ्यूज काढून खिशात घालत आणि शाळेत निघून जात. आमच्याकडे फ्यूज काढणारे कोणी नव्हते. लाइन असायची तेव्हा असायची, नसायची तेव्हा नसायची, पण ती कोणाच्या खिशात नव्हती.

असा तो बँड आमच्या मळ्यात सुरू झाला. विलासराव गायचे आणि गिटार वाजवायचे, दिलीप ड्रम वाजवायचा, आणखी दोन मुले होती. त्यातला एक आता नाही, दुसरा मुलीकडे सुरतेला राहतो. नाव ठेवले ‘थ्री फेज’. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मोठा स्पीकर चुकीच्या तारांना जोडला आणि खोलीतून असा धूर निघाला की शेजारचा शेतकरी बादली घेऊन धावत आला. माझे मालक, दिलीपचे वडील, तेव्हा पोट धरून हसले. मी हसले नाही. मोटारही जळाली असती, आणि मिरची उभी वाळली असती.

आता या बँडची खूण म्हणून जे लोक सांगतात, ते कसे झाले ते मी लिहिते, कारण वाजवणारे सोडले तर ते पाहणारी मी एकटी उरले आहे.

गाणे अर्ध्यात असताना लाइन जायची. गिटारी मुक्या व्हायच्या, माइक मुका व्हायचा. ड्रमला लाइन लागत नाही. दिलीप थांबायचा नाही. थांबला तर लय सुटते म्हणून तो एकटाच वाजवत राहायचा आणि बाकीचे अंधारात पायाने ताल धरून उभे राहायचे. लाइन आली की सगळे तिथूनच उचलायचे. कधी लगेच यायची, कधी माझ्या भाकरी थापून व्हायच्या तरी तो आपला वाजवतच. पुढे पुण्या-मुंबईच्या स्टेजवर लाइन जायची नाही, पण यांना सवय पडून गेली होती. गाण्याच्या मधोमध सगळे गप्प, एकटा ड्रम, मग एकदम सगळे. पोट्टे खुर्च्यांवर चढून ओरडायचे. पेपरात छापून आले की ही फार विचार करून केलेली रचना आहे. विचार रिठदच्या विजेच्या डीपीने केला होता.

‘वाफा फुटला’ हे त्यांचे गाणे तुम्ही सर्वांनी ऐकले आहे. लग्नात वाजले, एसटीत वाजले, केनवडच्या बाजारात भांड्यांच्या दुकानातही वाजले. त्याच्या सुरुवातीला एक बाई ओरडते ती मी. मी गात नव्हते. पोरे गाणे भरायला टेप लावून बसली होती आणि तिकडे कांद्याचा वाफा फुटून पाणी नाल्यात चालले होते, त्यावर मी ओरडले ते टेपात आले.

विलासरावांच्या स्वभावाबद्दल लिहा असेही समितीने सांगितले. त्यांनी मोठ्या माणसांची हांजी हांजी कधी केली नाही. वाशिमच्या कार्यक्रमात पुढे सोफे मांडले होते आणि पोरे दोरीच्या मागे उभी होती. विलासराव माइकवर म्हणाले, "सोफे मागे न्या, बसून आयकनाऱ्याले मागूनही आयकू येते." साहेब लोकांना सोफ्यासकट उठावे लागले. माझे मालक अकोल्याच्या दवाखान्यात शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा विलासरावांचे फोटो भिंतीभिंतीवर होते. तरी ते येऊन राहिले. एकदा नर्सबाया कागद घेऊन सही मागायला आल्या. विलासराव मालकांचे संडासाचे भांडे धुवत होते. म्हणाले, "थांबा, हात ओले हायेत." हे मी विसरलेले नाही. विसरले असते तर पुढचे लिहिणे सोपे गेले असते.

पुढचे असे. कॅसेटच्या कंपनीला विलासराव एकटे पाहिजे होते. ड्रम वाजवणारी मशीन आली होती, ती चुकत नाही, तिला जेवण लागत नाही. विलासराव हो म्हणाले. दिलीपला ते कंपनीच्या माणसाने सांगितले, विलासरावांनी नाही. दिलीप एसटीच्या टपावर ड्रम बांधून घरी आला. आल्यावर हात-पाय धुतले आणि विचारले, "पानी कोनत्या वाफ्यात हाय?" त्यानंतर त्याने ड्रमला हात लावला नाही. मोठा ड्रम आम्ही शेळीची पिल्ले झाकायला वापरतो.

विलासरावांच्या एकट्याच्या सगळ्या कॅसेटी मी ऐकल्या आहेत. मिरच्या निवडताना टेप लावायची. दिलीप मळ्यात लांब जायचा. पहिली कॅसेट खूप चालली, दुसरी त्याहून कमी, मग लोकांनी विचारणे सोडले. शहाणी माणसे म्हणतात, त्यांचा आवाज उतरला. खोटे आहे. आवाज तसाच होता, उलट पिकला होता. खोट दुसरीकडे होती. प्रत्येक गाण्याच्या मधोमध विलासराव अजूनही थांबायचे, सवयीने. मशीनही त्यांच्याबरोबर थांबायची, कारण तिला थांब म्हटले की ती थांबते. मग तिथे काहीच नसायचे. लाइन गेलेल्या घरासारखे. ऐकणाऱ्याला कळायचे नाही काय कमी आहे, पण तो उठून जायचा.

एक गाणे मात्र खरे आहे. शेवटच्या कॅसेटीतले शेवटचे. त्यात मशीन नाही, गिटारही नाही, विलासराव नुसते गातात आणि बूट आपटतात. तो बूट आपटल्याचा आवाज मी ओळखला. अंधाऱ्या खोलीत ते तसेच उभे राहायचे. त्या गाण्याला कोणी विचारले नाही. आज पुन्हा त्यांच्या कामाचा विचार होत आहे तर ते एक घ्या, बँडचे सगळे घ्या, आणि बाकीचे राहू द्या. समितीला हे रुचणार नाही. विलासरावांना मी हे तोंडावर सांगितले आहे.

ते या हिवाळ्यात मळ्यात आले तेव्हा सांगितले. मी मेथीच्या जुड्या बांधत होते. विलासराव मोटारीच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. तेवढ्यात लाइन आली आणि मोटार अडकून घूं घूं करायला लागली. त्या आवाजाला बैलसुद्धा मागे सरतो. विलासराव हलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी खाली पाहिले, पायाखालच्या फरशीकडे. मला समजले. मोटार बंद केली आणि त्यांच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिले.

"कधीपासून?"

"डावा कान जाऊन लय दिवस झाले, काकू. आता उजवाही गेला. सारी उमर त्या स्पीकरच्या पुढं उभा राह्यलो."

"डाक्टर काय म्हन्ते?"

"कानात घालाचं देतो म्हन्ते. त्यानं बोलनं कळन, सूर नाई कळाचा."

समितीवाल्यांनी सत्कारात गायला सांगितले होते आणि ते हो म्हणून बसले होते. ज्या माणसाला सूर ऐकू येत नाही तो सूर सोडून गातो आणि त्याला कळतही नाही. पोरे फोनमध्ये ते धरून ठेवतात आणि गावभर हसतात. हे त्यांनाही माहीत होते. ते म्हणाले, "काकू, दिलीप मांगं बसला तर माह्याच्यानं एक गानं होईन. त्याचा मोठा ड्रम मले पायात कळते. तो असला की मी सुटत नाई."

दिलीप तिथेच पाइप जोडत होता. त्याने वर पाहिले नाही. म्हणाला, "त्यायले म्हना, मशीन लावा."

विलासरावांनी माझ्याकडे पाहिले. "काय म्हने?"

मला गोड करून सांगता येत नाही. "मशीन लाव म्हन्ते."

मग म्हणाले, "बराबर म्हन्ते तो."

माफी मागितली का, असे बायका मला विचारतात. मागितली. त्या दिवशी मागितली, त्याआधीही मागितली होती. दिलीपने पाइप जोडला, दुसरा घेतला. माझा मुलगा वाईट नाही आणि विलासरावही वाईट नाहीत. एकाला ऐकू येत नाही, दुसरा वाजवत नाही, आणि बँडचे गाणे या दोघांवाचून होत नाही. मी पुष्कळ बोलून पाहिले, रागावून पाहिले. काही होत नाही. लाइन गेली की दिलीपची बोटे अजून पाइपावर चालायला लागतात. मग त्याच्या लक्षात येते आणि तो हात खिशात घालतो.

जाताना विलासराव म्हणाले, "काकू, समितीले तुमीच लिहा. माह्याच्यानं सांगवत नाई." म्हणून हा लेख.

तर समितीला विनंती. पत्रिकेवर गायनाचा कार्यक्रम छापला आहे तो खोडा. विलासरावांना शाल द्या, नारळ द्या, चांगले बोला, पण समोर उभे राहून बोला म्हणजे त्यांना ओठ दिसतील. हातात गिटार देऊ नका.

आणि विलासरावांना माझे मागणे. शंभर वर्षे जगा असे मी म्हणणार नाही. मी ऐंशीला आले, पुढे काही मांडून ठेवलेले दिसले नाही. पण जेवढे आयुष्य आहे तेवढे तुमचे पाय शाबूत राहोत. गुडघे दुखू नयेत, टाचांना भेगा पडू नयेत, अनवाणी चालता यावे. ऐकायचे काम आता पायांकडे आहे.

शेवटचे. सभागृह वाशिमचे आहे, कार्यक्रमात लाइन जाईलच. गेली की जनरेटर लगेच लावू नका. दिलीप येणार आहे. मला एकटीला एसटीत बसवायला तो तयार नाही. त्याला प्लास्टिकची नको, बोटांखाली वाजेल अशी लाकडी खुर्ची द्या, आणि विलासरावांच्या मागेच द्या. थोडे थांबा. काही वाजणार नाही, मला माहीत आहे. तरी थांबा.