पंखा बंद!

पाहुणा आला की लोक पंखा लावतात. युसूफचाचा हातातलं वेल्डिंग न सोडता ओरडायचे, "पंखा बंद!" तेही पनवेलच्या मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये! मला काम मिळेल का विचारायला आई खांदा कॉलनीतून आली, तेव्हा तिने आपल्याच हाताने पंखा लावला. "ताई, वाऱ्याने आर्गन उडून जातो." आई बिचारी पदराने वारा घेऊ लागली, तर म्हणाले, "तोपण नको."

चाचांना जाऊन वर्ष झालं. आखातात बारा वर्षं पाइप जोडून आलेला माणूस. आर्गन म्हणजे आळशी, कुणाशी संयोग न पावणारा वायू, असं आम्हाला आयटीआयमध्ये शिकवलं होतं. ते मी शहाणपणाने सांगितलं मात्र, चाचा भडकले. "आळशी? अगं, वितळल्या स्टीलभोवती तो उभा असतो म्हणून हवा आत घुसत नाय. बल्बातली तार कोण सांभाळतो? हाच! स्वतः कुणाशी जुळत नाय, दुसऱ्यांना नीट जुळू देतो. खानदानी गॅस हाय तो, बेटा!"

चाचांनी मला कामावर ठेवलं, पण त्यांच्यासारखं ओरडायला मला तोंड नव्हतं. गिऱ्हाईक खुशाल पंखा लावायचं, मी गप्प, आणि जोडात सुईच्या टोकाएवढी भोकं. "हात सोन्याचा, तोंडाला कुलूप," चाचा चिडायचे.

मग एका कारखान्यात वेल्डरची परीक्षा निघाली. पाइपचा एक जोड करायचा, त्याचा एक्स-रे निघणार. पास झाले तर कायमची नोकरी. सात उमेदवार, त्यात मी एकटी मुलगी. चाचा सोबत आले, पण त्यांना दाराबाहेरच थांबवलं. मी तोंडावर काच ओढणार, एवढ्यात परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी घाम पुसत मोठा पंखा सुरू केला. वारा थेट माझ्या पाइपवर! मी दाराकडे बघितलं. चाचांनी स्वतःचं तोंड हाताने घट्ट दाबलं होतं. ते बोलले असते तर मी बाद झाले असते.

"पंखा बंद!"

मी अशी ओरडले, की साहेबांनी स्वतः उठून बटण दाबलं. सूरसुद्धा चाचांचाच! दाराबाहेर चाचा चक्क नाचले.

निकाल आला. एक्स-रेत एक ठिपका नाही! मी धावत शेडमध्ये गेले. चाचांनी काम थांबवलं, आर्गनचा सिलिंडर बंद केला, मला खुर्चीत बसवलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पंखा लावला.

"बस बेटा," ते म्हणाले, "आता खा हवा."