तक्रार द्यायला गेलो, मनगटं पुढे आली

तालुक्याच्या कचेरीत मी कारकून म्हणून लागले तेव्हा माझ्यासारखी शहाणी बाई जिल्ह्यात दुसरी नव्हती. असं माझं मत होतं. बाकी कोणाचं नव्हतं. टेबलावर एक शिक्का होता, ‘मुदतबाह्य’. तो उमटवताना मला जे सुख व्हायचं ते लग्नात हार घालतानाही झालं नव्हतं. खुद्द सासऱ्यांचा विहिरीचा अर्ज उशिरा आला, त्यावर मी शिक्का हाणला आणि संध्याकाळी घरी येऊन त्यांनाच चहा दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या घेतला आणि पुढे आठ दिवस जेवायचं ताट धाकट्या सुनेकडे मागितलं. घरातही माझं तेच चाले. भांडण शिळं झालं की मी कोणाला बोलू देत नसे. “त्याची मुदत गेली,” म्हणायची आणि मान वर करून निघून जायची. फोटो आहेत त्या काळातले. सगळ्यांत मान वरच आहे.

ती धाकटी सून म्हणजे माझी जाऊ. ती आता साठीची आहे, मी सत्तरीला टेकले. यंदा उन्हाळ्यात सिंदी गावातल्या घरी आम्ही दोघी गच्चीवर कुरड्या घालत होतो. साचा दाबता दाबता ती एकदम म्हणाली, “बाई, मले पोलिसात तक्रार द्याची हाये.”

मला वाटलं शेजाऱ्याच्या कुत्र्याची. तो रोज आमच्या कुरड्या चाटायचा.

कुत्र्याची नव्हती. लग्नाआधी, विशी ओलांडल्यावर, ती माहेरी शिवणक्लासला जायची. क्लासच्या मास्तरनं तिच्यावर जबरदस्ती केली होती. आईला सांगितलं, तर आईनं क्लास बंद केला आणि स्थळं बघायला घेतली. तो मास्तर आता म्हातारा झाला, पण क्लास अजून चालू आहे. आणि माझ्या जावेच्या भावाची नात दिवाळीनंतर तिथं जाणार होती.

“इतके वर्षं मले काऊन नाई सांगतलं?” मी विचारलं.

“तवा तुमी काय होत्या ते इसरल्या का? शिक्का मारला असता माह्या कपायावर.”

मी साचा खाली ठेवला. तिचं खरं होतं. कुत्रा तेवढ्यात दोन कुरड्या घेऊन गेला.

घरात कळल्यावर माझा दीर, म्हणजे तिचा नवरा, पेपरमागून म्हणाला, “आता कशाले? मुदत गेली असंन.” तेवढ्या एका वाक्यात मला माझी तरुणपणीची मान दिसली. दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन वर्ध्याला गेले, ओळखीच्या एका वकीलबाईकडे. पोरीच्या वयाची आहे, पण चष्मा जाड.

ती म्हणाली, “काकू, छेड काढण्यासारख्या काही लहान गुन्ह्यांना मुदत असते. ती वाढवा म्हणून आमची भांडणं चालूच आहेत. पण हा मोठा गुन्हा. ह्याला आपल्याकडे मुदतच नाही. बाहेरच्या काही देशांत असल्या गुन्ह्यालाही मुदत आहे. तिथल्या बाया ती वाढवून मागतात.”

“तिथंही कचेरीत माझ्यासारखी कोणी बसली असेल,” मी म्हटलं.

“मुदत नाही म्हणजे खटला जिंकला असं नाही हं. उशीर का झाला, हे कोर्टात विचारतील.”

“इचारू द्या,” जाऊ म्हणाली. “मले बी सांगाचंच हाये. पयले कोणी लिहून तं घ्या.”

तिला हवं होतं ते एवढंच. आणि ठाण्यात ते लिहून घेतील की बाहेरच्या बाहेर वाटेला लावतील, ह्या काळजीत श्रावण उजाडला, तिची झोप उडाली होती. माझीही उडाली; पण मी झोप उडाली की जास्तच हुशारी करते. मी ठरवलं, दोघींनी भजनी मंडळाच्या गुलाबी साड्या नेसायच्या. एकसारख्या बाया दिसल्या की पोलीस दबतात, असा माझा सिद्धांत. शिवाय पोळ्यांचा आणि वांग्याच्या भाजीचा डबा, वरून लाल रुमाल बांधून. राखी दोन दिवसांवर आली आहे, हे एवढ्या मोठ्या हुशारीत कुठं लक्षात राहणार?

एसटीनं तिच्या माहेरकडच्या ठाण्यात पोचलो. दारातल्या शिपायानं आमच्या साड्या पाहिल्या, लाल रुमाल पाहिला आणि आत ओरडला, “साहेब, राखीवाल्या आल्या!”

दरवर्षी महिला मंडळं ठाण्यात येऊन पोलिसांना राख्या बांधतात, फोटो काढतात. त्यांचा काय दोष? खुर्च्या आल्या. दोघांनी टोप्या घातल्या. एकानं भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं, फोटोत येतं म्हणून. ठाणेदारसाहेब बाही सारून उभे राहिले आणि त्यांच्यामागे मनगटांची रांगच लागली. एक मोबाइल घेऊन म्हणतो, “आजी, थोडं डाव्या बाजूले या.” आणि मी आले! मंडळाची अध्यक्षीण असल्यासारखी हसले सुद्धा. रुमालाची गाठ सोडायला घेतली. डब्यातून काय काढणार होते, देव जाणे. साहेबांच्या मनगटाला पोळी गुंडाळली असती.

जाऊ पुढे झाली. “साहेब, हात खाली घ्या. राखी नाई आणली. तक्रार आणली.”

मनगटं खाली गेली. मोबाइलवाला हळूच मागे सरकला.

“बसा ताई,” साहेब म्हणाले. “कोणाविरुद्ध? कधीची गोष्ट?”

तिनं सांगितलं. कोण, काय, आणि लग्नाआधीची. मागे कोणीतरी पुटपुटलं, “एवढी जुनी? आता कोण घेते?”

इथं मला कंठ फुटला. वकीलबाईनं सांगितलेलं सगळं मी एका दमात म्हटलं, शाळेत कविता म्हणतात तसं, हात मागे बांधून.

“मॅडम वकील आहेत का?” साहेबांनी विचारलं.

“कारकून होते.”

“मग घ्यावीच लागते,” साहेब म्हणाले, आणि हसले नाहीत. त्यांनी आतून एका बाई अधिकाऱ्याला बोलावलं. ती जावेला आतल्या खोलीत घेऊन निघाली. मीही उठले.

“बाई, तुमी इथंच बसा,” जाऊ म्हणाली. “तुमी मधात बोलान.”

मग मी बाकड्यावर बसले. बंद दाराकडे बघत होते आणि काळजीनं खात होते. आधी माझ्या पोळ्या, मग तिच्या. शिपायानं पाणी आणून दिलं आणि काही न बोलता पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं.

ती बाहेर आली तेव्हा हातात तक्रारीची प्रत होती. डोळे सुजलेले.

“लिवलं बाई त्याहिनं. समदं. वाचून बी दाखवलं.”

स्टँडवर आलूबोंडे घेतले, डबा रिकामा होता म्हणून. तिनं पहिला घास घेतला आणि फोन वाजला. दीर होता. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. “घेतली का?”

“घेतली. आता माह्या भावाले फोन लावा. पोरीले त्या क्लासले पाठवू नोका म्हना.”

“तो ‘काऊन?’ म्हनंन ना. काय सांगू त्याले?”

तिनं बोंडा कागदावर ठेवला.

“माहं नाव सांगा,” ती म्हणाली. “माह्यासंग काय झालतं ते सांगा. नसंन जमत तं त्याले मले फोन लावाले सांगा, मीच सांगतो.”

गाडी लागली होती. ती अजून बोलतच होती. मी तिची पिशवी उचलली आणि खिडकीची जागा धरायला पुढे पळाले.