कोबावाले आणि मातीवाले

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफीची एक रिकामी बाटली आहे. तिच्यात स्क्रू आहेत. काही वॉशिंग मशीनच्या जाळीत सापडलेले, काही सोफ्याच्या फटीतून निघालेले, आणि एक चक्क पोह्यांत मिळालेला. "हे टाकून देऊ का?" असं विचारलं की माझा नवरा प्रसाद दचकतो. "अगं, तो पुढच्या चाकाचा आहे. महिनाभर शोधतोय मी."

मुलीच्या डब्यात द्राक्षं देतानासुद्धा त्यांचे चार-चार तुकडे करणारी बाई मी. पोह्यांत स्क्रू सापडल्यावर माझं काय झालं असेल ते सोडा. पण एकेका स्क्रूमागे एकेक किस्सा आहे आणि बाटली आता गळ्यापर्यंत आली आहे. म्हणून थोडी रिकामी करते.

प्रसाद कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये मशीनचे प्रोग्रॅम लिहितो. रविवारी तो आणि त्याचे मित्र रिमोटच्या गाड्या पळवतात. त्याला 'खेळणं' म्हणायचं नाही. मी एकदा म्हटलं होतं, तर दोन दिवस घरात नुसतं "हं" आणि "हो" चाललं होतं.

या मंडळींत दोन जाती आहेत. ऑन-रोडवाले कुपवाडच्या एका कारखान्याच्या अंगणात, सिमेंटच्या गुळगुळीत कोब्यावर पळवतात. ऑफ-रोडवाले रहिमतपूरला शेतात, ढेकळांतून आणि उंचवट्यांवरून. म्हणून एकांना कोबावाले म्हणतात आणि दुसऱ्यांना मातीवाले. दोघंही एकमेकांना वाया गेलेले समजतात.

*

या दोन जातींतला फरक मला लिंबानं समजला.

प्रसादनं पहिली गाडी घेतली तेव्हा सासूबाईंना फोन केला, "आई, गाडी घेतली." पुढचं सांगायच्या आत त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी नारळ, झेंडूचा हार, हळद-कुंकू आणि चार लिंबं घेऊन त्या थेट कुपवाडच्या अंगणात हजर. प्रसादनं चपलांच्या खोक्याएवढं खोकं उघडलं. सासूबाईंनी वाकून खोक्यात बघितलं, मग खोक्याच्या मागं बघितलं.

"बाकीची मागनं येणाराय का?"

बाकीची येणार नव्हती. पण हार आणला होता, तो परत कसा न्यायचा? त्यांनी साग्रसंगीत पूजा केली. हार गाडीपेक्षा मोठा झाला, तो दोनदा गुंडाळला. मग चाकाखाली लिंबू ठेवलं आणि म्हणाल्या, "ने आता."

ऑन-रोड गाडीचं पोट जमिनीला टेकायचंच बाकी असतं. तिनं लिंबाला धडक दिली. लिंबू निघालं. लिंबू पुढं, गाडी मागं, अशी सगळ्या अंगणाला प्रदक्षिणा झाली. लिंबू काही चिरडलं नाही.

प्रसादचा मित्र बिरू बाजूला उभा होता. हा आटपाडीकडचा, घरी अजून मेंढरं आहेत, आणि पक्का मातीवाला. त्यानं आपली मोठ्या काटेरी टायरांची बग्गी सोडली. ती लिंबावर चढली, हवेत उडाली आणि पलीकडं चारी चाकांवर उतरली. लिंबाचा रस सासूबाईंच्या साडीवर.

सासूबाई रस पुसत म्हणाल्या, "प्रसाद, ही घ्यायची होतीस."

आमची सई तेव्हा माझ्या कडेवर होती. तिनं टाळ्या वाजवल्या. मला वाटतं त्याच क्षणी ती मातीवाली झाली.

*

इथं माझं स्वतःचं थोडं सांगायला हवं. सई आता सात वर्षांची आहे आणि धुळीनं तिला धाप लागते. डॉक्टर म्हणाले, "खेळू द्या, मास्क लावा, स्प्रे जवळ ठेवा." यातलं दुसरं आणि तिसरं माझ्या नीट लक्षात राहिलं.

रोज सकाळी शाळेची रिक्षा दारात हॉर्न वाजवत असते आणि मी सईची तपासणी करत असते. आधी तोंड पुसायचं. मग हात-पाय बघायचे. मग पोटावर हात ठेवून बघायचं. कपाळ फसवतं, पोट फसवत नाही, असा माझा एक सिद्धांत आहे. तो कुठल्या पुस्तकात नाही. शेवटी मी म्हणते, "ताप नाही. जा." मगच ती जाते. रिक्षावाले काका एकदा म्हणाले, "वहिनी, विमानतळावर पन एवडं चेकिंग न्हाई हो."

तर मी अर्थातच कोबावाली. कोबा धुता येतो. सईचं मात्र दर रविवारी एकच चालायचं, "आई, रहिमतपूरला कधी?" आणि माझं उत्तर ठरलेलं, "मोठी झालीस की."

*

कोबावाल्यांचा म्होरक्या विक्रमदादा. वाळव्याकडची ऊसवाली माणसं, कारखान्याचं अंगण त्यांचंच. कोब्यावर बारीक खडा आला तरी गाडी उलटते, म्हणून दादा रविवारी सकाळी स्वतः हातात केरसुणी घेऊन अख्खं अंगण झाडतो. त्याच्या आई खुर्ची टाकून बघत बसतात. "घरात केर काढ म्हटलं की ह्याची कंबर धरती. हितं बघा कसा वाकतोय."

एकदा दादानं कुठल्याशा व्हिडिओत बघितलं की परदेशात रेसच्या आधी ट्रॅकवर साखरेचं पाणी मारतात. टायर चिकटून धरतात म्हणे. दादा म्हणाला, "साखर कशाला? आपल्या घरची काकवी हाय की." आणि गुऱ्हाळावरून कॅन भरून आणला. पाणी किती घालायचं यावर जरा चर्चा झाली. मग सगळ्यांचं एकमत झालं की कमीच घालू.

पहिल्या फेऱ्या अप्रतिम झाल्या. गाड्या वळणावर जराही घसरेनात. दादा प्रत्येकाकडं बघून मान डोलवत होता. मग ऊन चढलं.

प्रसादची गाडी एका वळणावर थांबली ती थांबलीच. उचलायला गेला तर गाडी हातात आली आणि टायर खाली राहिला. बिरूची चप्पल अडकली. मुंगळे आले, मग माश्या, मग मधमाश्या. मी सईला घेऊन दादाच्या खऱ्या गाडीत काचा लावून बसले. सोमवारी कामावर आलेली माणसं गेटपासून मशीनपर्यंत 'चप-चप' असा आवाज करत गेली.

दादाच्या आई खुर्चीवरून उठल्या नव्हत्या. म्हणाल्या, "आता वरनं शेंगदाणं टाका. चिक्की तरी हुईल."

*

मातीवाल्यांचे म्होरके सुभेदारकाका. फौजेतून रिटायर झालेले, रहिमतपूरला शेती. या सगळ्या ग्रुपमध्ये मला पटलेला हा एकच माणूस, कारण गाड्यांच्या बॅटऱ्या ते जाड लोखंडी पेटीत ठेवून चार्ज करतात. "पेट घेत्यात त्या कवा कवा," असं त्यांनी सांगितल्यावर मी आठवडाभर झोपले नाही. पण आमच्याही घरी पेटी आली.

काकांची एकच अडचण आहे. रिमोटची गाडी आपल्यापासून लांब जाते तोवर डावं ते डावं आणि उजवं ते उजवं. ती वळून आपल्याकडं यायला लागली की सगळं उलटं होतं. नवशिक्या प्रत्येकाचा इथं गोंधळ होतो. काका काही नवशिके नव्हेत, पण गोंधळ आहे तसाच आहे. त्यातून ते गाडीला फौजी हुकूम देतात. "दाहिने मुड़! आरं, दाहिने!"

गाडी डावीकडं वळून गोठ्यात शिरली आणि म्हशीच्या पोटाखाली जाऊन थांबली. म्हैस रवंथ करत राहिली. काका कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अख्खी सर्व्हिस काढली, पन हुकूम न ऐकनारा असला शिपाई न्हाई बघितला."

गोठ्यात काकू धार काढत होत्या. आतूनच म्हणाल्या, "आवं, शिपाई बराबर हाय. सुभेदाराला डावं-उजवं कळंना झालंय."

*

बिरू सुट्टीला गावी गेला की माळावर बग्गीचा सराव करतो. मेंढरं पहिल्यांदा घाबरून पांगली. मग कळपातल्या मोठ्या एडक्याला ती गाडी का कोण जाणे आवडली. तो तिच्या मागं चालायला लागला. एडका चालला म्हणून सगळा कळप चालला. बिरू बाभळीच्या सावलीत बसून बटणावर मेंढरं हाकायला लागला. त्याचे वडील लांबून बघत होते. पोरगं शिकल्याचं त्यांना पहिल्यांदाच बरं वाटलं असणार.

मग माळाच्या मधोमध बॅटरी संपली. गाडी थांबली, एडका थांबला, कळप थांबला. थोड्या वेळानं सगळी मेंढरं गाडीभोवती गोल करून बसली. हाका मारल्या, काठी आपटली, कोणी हलेना.

वडील म्हणाले, "बिरू, गाडी बसली तशी मेंढरं बी बसली. आता उबा का? चार्जर आन जा."

लाईट रात्री येणार होती.

*

आता माझी पाळी.

या खेळात एक पद्धत आहे. तुमची शर्यत झाली की तुम्ही घरी जायचं नाही, पुढच्या शर्यतीला ट्रॅकच्या कडेला उभं राहायचं. तुमच्याजवळ कोणाची गाडी उलटली, मग ती मित्राची असो की वैऱ्याची, पळत जाऊन सुलटी करायची. तोवर ती गाडी तिथंच पडून राहते आणि बाकीच्या पुढं जातात. म्हणून सुलटी करून लगेच हात काढायचा.

एकदा कुपवाडला माणूस कमी होता, म्हणून प्रसादनं मला उभं केलं. पहिलीच गाडी काकांची उलटली. मी धावले, उचलली. रहिमतपूरची धूळ अंगावर तशीच होती, म्हणून ओढणीनं पुसली. चाकं फिरवून बघितली. पोटाला हात लावला तर मोटर गरम लागली. मी ओरडून विचारलं, "काका, हिला जरा सावलीत ठेवू का?"

काकांचा आवाज आजही कानात आहे. "सूनबाई, ही शर्यत हाय, दवाखाना न्हाई!"

सई कोब्याच्या कठड्यावर बसून हे सगळं बघत होती. हसली नाही. नुसती बघत होती.

*

आणि हा या वर्षीचा.

वर्षातून एकदा कोबावाले आणि मातीवाले एकमेकांशी भिडतात. काकांच्या शेतात हळद वाळवायचं सिमेंटचं खळं आहे. ट्रॅक निम्मा त्या खळ्यावरून आणि निम्मा मातीतून. दोन्हीकडचे तीन-तीन गडी, तीन शर्यती. जो पक्ष जिंकेल त्याच्याकडं वर्षभराचे रविवार. म्हणजे कुपवाडचा धुतलेला कोबा, नाहीतर रहिमतपूरची धूळ. या वर्षी सई हट्टानं बरोबर आली. मी तिला मास्क लावला, स्प्रे तिच्या खिशात ठेवला, दुसरा माझ्या पर्समध्ये, आणि देवाला म्हटलं, कोबा.

पोचल्या पोचल्या कळलं की काकांनी मातीवाल्यांच्या यादीत सईचं नाव घातलंय. मी प्रसादकडं बघितलं. प्रसाद आभाळाकडं बघायला लागला. काका म्हणाले, "दम लागला तर मी हाय, गाडी हाय, दवाखाना जवळ हाय. खेळू दे पोरीला." डॉक्टरांचं पहिलं वाक्य असं माझ्यापर्यंत पोचलं.

पहिल्या शर्यतीत विक्रमदादानं काकांना हरवलं. दुसरी प्रसाद विरुद्ध सई. सई जिंकली. प्रसाद अजूनही शपथेवर सांगतो की तो मुद्दाम हरला नाही, आणि त्याचा चेहरा बघून मला ते खरं वाटतं.

एक-एक. तिसऱ्या शर्यतीला मातीवाल्यांकडून बिरू. कोबावाल्यांचा तिसरा गडी आलाच नव्हता. त्याच्याकडं पाहुणे आले होते. विक्रमदादा इकडंतिकडं बघायला लागला आणि सई मोठ्यांदा म्हणाली, "आई चालवते की. मी शाळेत गेले की हॉलमध्ये चालवते. सोफ्याखाली टायरच्या खुणा असतात."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. रिमोट माझ्या हातात आला.

पद्धतीप्रमाणे आधीच्या शर्यतीचे दोघं ट्रॅकच्या कडेला उभे राहिले. खळ्याच्या वळणावर प्रसाद, मातीतल्या उंचवट्यावर सई. कोब्यासाठी मी जीव तोडून चालवली. गाडी येताना डावं-उजवं मी एकदाही चुकवलं नाही. बिरू पुढंच होता. पण शेवटच्या फेरीला खळ्यावर त्याची बग्गी घसरून उलटली. प्रसादनं पळत जाऊन ती सुलटी केली आणि लगेच हात काढला, अगदी नियमानं. तेवढ्यात मी पुढं गेले. आता नुसता मातीचा तुकडा राहिला होता. विक्रमदादा माझ्या कानाशी म्हणत होता, "वहिनी, हळू. हळू घ्या. आपलीच हाय."

मी हळू घेतली नाही. उंचवट्यावरून गाडी उडाली आणि सईच्या पायाशी पालथी पडली.

"सई, सुलटी कर!" मी ओरडले. दादा ओरडला. मागून बिरूची बग्गी धुरळा उडवत येत होती.

सईनं गाडी दोन्ही हातांनी उचलली. फ्रॉकच्या टोकानं तिचं तोंड पुसलं. मग चारी चाकं एकेक करून फिरवून बघितली. बिरूची बग्गी शेजारून निघून गेली. सईनं गाडीच्या पोटावर तळहात ठेवला आणि जरा वेळ तसाच ठेवला. मग गाडी मातीत नीट उभी केली, मास्क हनुवटीखाली ओढला आणि म्हणाली,

"ताप नाही. जा."