आश्रुबांच्या दोन अठ्ठ्या

निजामाच्या अमदानीत आमच्या गावी पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून पहिला बैल कुणाचा जायचा, हे तीन पानी पत्त्यांवर ठरायचं. हसू येत असेल तर हसून घ्या. त्याआधी ते काठ्यांवर ठरत होतं. मानाचे दावेदार तीन घरं. भांडण तहसिलीत गेलं तेव्हा तिथल्या साहेबानं उर्दूत एवढंच सुनावलं, की आपसात मिटवा आणि पुन्हा तोंड दाखवू नका. मग आपसात मिटलं. पोळ्याच्या आदल्या दुपारी तिन्ही कर्त्यांनी मारुतीच्या पारावर बसायचं, प्रत्येकी तीस चिंचोके घ्यायचे आणि गुरवानं सांजेची घंटा वाजवली की ज्याच्यापुढं जास्त चिंचोके, त्याचा मान.

वर एक पोटनियम होता. ज्याला मान कधीच मिळाला नाही, त्यानं प्रत्येक डावात पहिलं बोलायचं आणि वेशीकडं तोंड करून बसायचं, म्हणजे निदान तोरणाची जागा तरी डोळ्यांपुढं राहील. मागच्या साली जिंकलेल्यानं पानं वाटायची आणि शेवटी बोलायचं. हा नियम दयेपोटी केला, असं म्हातारी माणसं सांगायची. मला विचाराल तर शुद्ध लबाडी. पहिला बोलतो त्याला बाकीच्यांच्या हातात काय आहे हे कळत नाही, आणि शेवटच्याला सगळ्यांचे चेहरे वाचून झालेले असतात.

ही पहिली जागा आश्रुबांकडं सलग अकरा वर्षं होती.

आश्रुबा मुळातच सावध माणूस. वडवणीच्या बाजारात तीन फेऱ्या मारल्याशिवाय कांद्याला हात लावायचे नाहीत. लग्नाआधी छबुबाईंना बघायला गेले, तेव्हा मुलगी पसंत आहे का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "आधी बाकीचे काय म्हणत्यात ते ऐकू." छबुबाई हे आयुष्यभर विसरल्या नाहीत, आणि त्यांनाही विसरू दिलं नाही.

पत्त्यातही तेच. त्यांच्या हातात नेहमी मधलीच जोड यायची, सत्त्या, अठ्ठ्या, फार तर नव्व्या. सुट्या पानांपेक्षा भारी, पण राण्या-राजांपुढं काहीच नाही. अशी जोड आली की आश्रुबा एक चिंचोका पुढं सरकवून गप्प बसत. मागून कुणी चार सरकवले की पानं टाकून देत. "टाकायला आलास का बे इथं?" म्हणून पाराखालची पोरंठोरंसुद्धा ओरडायची. आश्रुबा शांतपणे सांगायचे, "दोघं अजून बोलायचे हायेत. एकाकडं जरी राण्या असल्या, तरी माझ्या अठ्ठ्या गेल्या पाण्यात."

अकरा वर्षांत त्यांनी मोठी चाल फक्त तीनदा केली, आणि तिन्ही वेळा हातात तीन सारखी पानं निघाली. गाव हे विसरलं नव्हतं.

बाराव्या वर्षी मात्र आश्रुबा आतून हलले होते. त्यांचा पाखऱ्या बैल थकला होता. अकरा पोळे तो दुसऱ्यांच्या शेपट्या बघत तोरणाखालून गेला होता, आणि पुढचा पोळा काही त्याला दिसणार नव्हता. सकाळी त्याच्या शिंगांना हिंगूळ लावताना छबुबाई म्हणाल्या, "एक डाव मर्दावानी खेळा. त्याच्यासाठी तरी." आश्रुबांनी पाखऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या दुपारी दावेदारांपैकी दुकानदार विरुपाक्षआप्पांनी सुरुवातीलाच घाई केली आणि नऊ चिंचोक्यांवर आले. अर्जुनराव चार वर्षांचे मानकरी, जमीनदार माणूस, पानं वाटतानाही उपकार केल्यासारखी वाटायचे. त्यांच्यापुढं आश्रुबांपेक्षा एकच चिंचोका जास्त होता. तिघांनी एकेक चिंचोका मधे टाकला. आश्रुबांनी पानं उचलली. दोन अठ्ठ्या आणि एक तिर्री.

आणि तेवढ्यात वेशीतून तेलाचा बुधला घेऊन महारुद्र गुरव येताना दिसला. पहिल्या जागेवरच्या माणसालाच ती वाट दिसत होती. बाकी दोघांची पाठ होती तिकडं. म्हणजे हाच शेवटचा डाव, आणि हे फक्त आश्रुबांना ठाऊक.

त्यांनी दोन्ही हातांनी आपले सगळे चिंचोके पुढं ढकलले.

आप्पांनी पानं अशी टाकली, जणू त्यांतून विंचू निघाला. अर्जुनरावांनी पानांकडं बघितलं, आश्रुबांकडं बघितलं, पुन्हा पानांकडं. "तीन सारखी असणार तुझ्याकडं. कशापायी मरू उगा? फुडच्या डावात बघतो तुला," म्हणत त्यांनीही पानं टाकली. आश्रुबांनी चिंचोके ओढले आणि घंटा वाजली. दोन चिंचोक्यांनी अर्जुनराव मागं पडले. पुढचा डाव त्या सालात आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पाखऱ्या झूल घालून सगळ्यांच्या पुढं उभा राहिला. हलगी वाजली. पाखऱ्या हलेना. आयुष्यभर मागून चाललेलं जनावर, त्यानं मान वळवून बाकीचे बैल कधी पुढं होतात याची वाट बघितली. आश्रुबांनी कासरा ओढला, छबुबाईंनी पुरणपोळी दाखवली. काही नाही. सगळा गाव खोळंबला.

मागून कुणीतरी चाबूक उगारला. आश्रुबा आडवे आले. "मारू नका त्याला. पयलं जाणाऱ्याला भ्या वाटतंच," ते म्हणाले.

अर्जुनराव त्यांच्याजवळ आले. रात्रभर डोळा लागलेला नव्हता. "आश्रुबा, मारुतीची शपथ हाय. काय होतं काल हातात?"

आश्रुबांनी खाली बघितलं. "दोन अठ्ठ्या."

"अठ्ठ्या?" अर्जुनराव असे गरजले, की वेशीवरची कबुतरं उडाली. "माझ्याकडं राण्या होत्या बे! राण्या!"

त्या आवाजानं पाखऱ्या असा दचकला, की शेपूट वर करून तोरणाखालून थेट मारुतीपर्यंत पळाला. पोळा फुटला. छबुबाई हसत होत्या, डोळे पुसत होत्या. आश्रुबा मात्र तोरणाखालीच थांबले आणि अर्जुनरावांना म्हणाले, "चला, तुमी व्हा फुडं. मी येतो मागनं."