ती जागा रिकामी असू दे

"हात!"

काकू एवढंच म्हणायच्या, पण नवखा झटकन हात मागे घ्यायचा. हातमोजे न घालता कोणी नळीकडे बोट नेलं, की खोलीच्या दुसऱ्या टोकाहून हा आवाज आलाच म्हणून समजा. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत हाडांच्या कॅन्सरवर काम चालायचं आणि काकू तिथल्या तंत्रज्ञ. खडकीहून स्कूटीवर यायच्या, साडीवर पांढरा कोट चढवायच्या आणि गोठवलेल्या गाठीचा तुकडा खलात कुटायला बसायच्या. त्यातून आरएनए काढायचा. तो भलताच नाजूक, उघडं बोट लागलं की संपला.

आम्हाला हवे होते ते लांबलचक आरएनए, ज्यांच्यापासून प्रथिन बनतच नाही. कुठलं जनुक चालू ठेवायचं, कुठलं बंद, यात मात्र त्यांची लुडबुड. गाठ कोणाची परत येणार, हे त्यांच्यावरून ओळखता येईल का, हा आमचा प्रश्न. मी तेव्हा संशोधक विद्यार्थिनी; काकूंना हे ऐटीत समजावलं.

"म्हणजे स्वतः काही रांधायचं नाही, पण कोणी काय रांधायचं ते ठरवायचं," काकू म्हणाल्या. "अहो, सासूच की ही!"

झालं! तेव्हापासून फ्रीझरमधल्या नळ्यांच्या डब्यावर काकूंच्या टपोऱ्या अक्षरात 'सासू' लिहिलेलं. बाहेरच्या परीक्षकांनी अर्थ विचारला, तेव्हा आमचे सर नुसते खोकले.

आणि एकदा मी माती खाल्ली. चौदा वर्षांच्या एका मुलीच्या मांडीच्या हाडातला तुकडा आला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. केमो सुरू व्हायच्या आधीचा, म्हणजे पुन्हा मिळणं नाही. मी नळी कोरड्या बर्फातून काढली आणि नेमका फोन आला. बोलत बसले. परत येते तर तुकडा वितळलेला, आतला आरएनए वाया गेलेला.

वाटलं, आता काकू फाडून खाणार. पण त्या ओरडल्याच नाहीत.

"पोरीनं हाड दिलं गं," त्या हळूच म्हणाल्या. "आपण फोन घेतला."

चूक माझी होती, पण काकू 'आपण' म्हणाल्या. मी ढसाढसा रडले. त्यांनी डब्यातली त्या नळीची जागा रिकामी ठेवली आणि पुढची नळी पुढच्या खाचेत लावली. "ती जागा रिकामी असू दे," म्हणाल्या. पुढे कितीही अडचण झाली तरी त्यांनी तिथे काही ठेवू दिलं नाही.

काकू निवृत्त झाल्या आणि सहाच महिन्यांत गेल्या. अजून सवयीनं त्यांच्या खुर्चीकडे बघते मी.

परवा एका नव्या विद्यार्थिनीनं तो डबा काढला. "मॅडम, इथे एक जागा आहे. ठेवू का माझी नळी?"

"नको. ती भरलेली आहे," मी म्हटलं, आणि खिशातला फोन काढून बाहेर ठेवून आले.