बाराव्या दिवशीची सुई

यवतमाळजवळच्या एका हॅचरीत मी अंड्यांना सुई टोचायचे. सांगितलं की लोक खिदळायचे. "अंड्याले इंजेक्शन? मंग कोंबडीले चष्माही लाव!" हसा म्हटलं, हसायला काय जातं. उबवायला ठेवल्यापासून बाराव्या दिवशी अंडं उजेडावर धरायचं, रुंद टोकाकडची हवेची पोकळी हेरायची, बारीक भोक पाडून थेंबभर पाणी सोडायचं आणि मेणानं बुजवायचं. बारावा दिवस, म्हणून आम्ही बाया त्याला बारसं म्हणायचो.

त्या थेंबात चांगले जंतू असायचे, सोबत त्यांची शिदोरी. आमच्या डॉक्टरांनी एकदा मेलेल्या पिलाचं आतडं चिरून दाखवलं होतं. आतून टॉवेलसारखं लवदार! चांगले जंतू आधीच येऊन बसले की ही लव दाट वाढते, दाणा अंगी लागतो, वाईट जंतूंना बसायला जागा मिळत नाही, असं ते म्हणाले. जन्माआधीच कुणीतरी पोटाची काळजी घेतंय, हे मला फार आवडलं होतं. बोंडअळीच्या त्या वर्षांत माणसांच्या पोटाची कुणी घेत नव्हतं.

माझी ताई मारेगावकडे दिलेली. कपाशी फवारता फवारता भाऊजी एकदा वावराच्या धुऱ्यावरच कोसळले होते. आठ दिवस त्यांना धड दिसत नव्हतं. तेव्हापासून ताईच्या डोक्यात एकच, कपाशी सोडायची आणि कोंबड्या पाळायच्या. "पिल्लं जगली तं तो फवारणीचा पंप भंगारवाल्याले देऊन टाकीन," म्हणाली. मी हौसेनं माझ्याच हातची शंभर पिलं खोक्यांत भरून एसटीनं नेली.

"काय टोचलं वं यायले?" तिनं विचारलं.

आता माझा शहाणपणा बघा. जंतू म्हटलं तर ही घाबरणार, मग समजावत बसा, आणि माझी परतीची गाडी तर निघायला आलेली. शिवाय तिला काय कळतं, असंही मनात होतंच. मी म्हणाले, "औषध हाये."

ताईनं ते कपाशीवाल्यांच्या कानानं ऐकलं. कपाशीचं बियाणं औषध लावूनच येतं, तरी अळी दिसायच्या आधी आपण फवारतोच ना? तिनं दुकानातून कोंबड्यांच्या हगवणीवरची, जंतू मारणारी पिवळी पावडर आणली आणि पिलांच्या पहिल्या पाण्यातच कालवली. मापही दुप्पट.

पाचव्या दिवशी तिनं बोलावलं म्हणून गेले. पिलं पंख टाकून बल्बखाली उभी होती, शेपटीखाली पांढरी हगवण चिकटून वाळलेली. ताई ओल्या फडक्यानं एकेकाला पुसत होती. कोपऱ्यात मेलेल्यांची पाटी. यांच्यासोबतच अंड्यातून निघालेली दुसरी पिलं हॅचरीत दाण्यावर उड्या मारत होती.

"पाणी पिवळं काहून?"

"पावडर हाये. पह्यल्या दिवसापासून देऊन राह्यली," ती म्हणाली. केवढ्या अभिमानानं! "औषध लावलं म्हून कोणी फवारणी सोडते काय?"

सुईनं आत बसवलेले सगळे चांगले जंतू पहिल्या घोटालाच मारले गेले होते. डॉक्टर नंतर म्हणाले, दुसरंही कारण असू शकतं. असेल. मला माझं माहीत आहे.

"माह्यं काय चुकलं वं?" ताईनं विचारलं.

खरं काय ते तोंडाशी आलं होतं. पण मी म्हणाले, "थंडी लागली असंल. बल्ब बंद झालता काय?"

"लाइन गेलती. अर्धा तास."

"मग तेच."

नऊ पिलं राहिली. पुढच्या खेपेला गेले तर भाऊजी अंगणात पंप धुऊन बसलेले. ताईनं त्यांच्या नाकातोंडावर आपला जुना दुपट्टा बांधला, पंपाचा पट्टा आपल्याच हातानं खांद्यावर चढवला. ते वावराकडे गेले तशी माझ्याकडे वळली.

"तू एवढी जीव लावून आणलती," ती म्हणाली, "लाइन गेली तं शेगडीही नाही पेटवली मी. माह्याच हातानं मेली."

मी सूप घेतलं आणि त्या नऊ पिलांना कण्या टाकत बसले.