तीन कानांचा बैल

“माझ्या बैलाला तीन कान? आणि त्यातला एक हिरवा?”

म्हसा गावच्या जत्रेत बैलाचे मालक असे ओरडत होते, की पार मुरबाडच्या एस्टी स्टँडावर माणसं दचकली असतील. माझ्या लॅपटॉपवर त्यांचा काळा बैल होता. त्याने मान हलवली होती, आणि कपाळावर नुसता रंगपंचमीचा राडा.

दोष बैलाचा नव्हता. शहापुरात माझा स्टुडिओ, रोलचा मोठा कॅमेरा. त्याच्या पाठीवर रोलच्या जागी बसवायची डिजिटल बॅक, म्हणजे फोटो टिपणारा डबा, मला घ्यायची होती. मुंबईच्या दुकानदाराने दोन बॅका पारखायला दिल्या होत्या. संध्याकाळी एक परत जाणार, दुसरीवर माझी सगळी पुंजी लागणार. पहिली एका फोटोसाठी लाल, हिरवा, निळा अशी तीनदा टिपायची; मधे कोणी हललं, की तिन्ही रंग वेगवेगळ्या जागी पडायचे. दागिने, मूर्ती यांना तिच्यासारखी त्रिभुवनात नाही, असं दुकानदार शपथेवर सांगे. दुसरी एका झटक्यात काम उरकायची, पण कागदावर तिचा बारकावे टिपण्याचा आकडा लहान. मनातून मी पहिलीला माळ घालून मोकळा झालो होतो.

गिऱ्हाईक आलं होतं डोळखांबहून. कपाळावरचा केसांचा भोवरा शुभ आहे की नाही, हे नीट बघितल्याशिवाय ते बैल घेईना, आणि बैल परक्याला जवळ येऊ देईना, थेट शिंगावर घ्यायचा. म्हणून फोटो.

“देवळातला नंदी हाय काय रे तो, गप उभा राहायला?” मालक म्हणाले.

मी दुसरी बॅक चढवली. बैलाने मुंडी झटकली आणि असा फुत्कारला, की माझी टोपी उडून नाशिक हायवेला लागली. तेवढ्यात मी बटण दाबलं.

काय फोटो! भोवऱ्यातला केस न् केस वेगळा. पापणीवर गोमाशी बसली होती, तिचा चेहरासुद्धा ओळखू येत होता. गिऱ्हाइकाने चष्मा पुसून पडद्याला नाक टेकवलं.

“भोवरा एकच. मधोमध हाय.”

लगेच दोघांचे हात रुमालाखाली गेले, बोटांनी भाव ठरला, बैल निघाला.

पहिली बॅक मी तिथेच खोक्यात घातली. लग्नातला नवरदेव तरी कुठे गप उभा राहतो? मी तर त्या दिवशी जत्रेचा राजा होतो. मालकांना म्हणालो, “काका, हा फोटो दाराएवढा करून देतो. फुकट. ओटीवर लावा.”

त्यांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला.

“बैल गेला ना रे. आता फोटो कोनाला दाखवू?”